मड्डमला टेम्पोचं इंजिन

॥ श्री ॥

औरंगाबाद
१० ऑगस्ट १९८६

ति. स्व. अक्कास,

धाकट्या बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि. इकडे सगळे खुशाल. लक्ष्मीचा गुडघा आता बरा आहे. मुलं अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करतात.

हे पत्र बसून वाच. तात्यांची मड्डम पुन्हा रस्त्यावर येते आहे. इथल्या हौशी मोटार मंडळानं सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांची शर्यत ठेवली आहे. औरंगाबादहून निघायचं, खुलताबादचा घाट चढायचा आणि वेरूळला पोचायचं. अर्जासोबत गाडीचा इतिहास मागितला होता. मी लिहिलं की पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी निजामाचे एक बडे अंमलदार देश सोडून निघाले, तेव्हा त्यांची दोन आसनांची उघडी विलायती गाडी आमचे वडील तात्यासाहेब वकील यांनी विकत घेतली. लाल रंग, लांब नाक, तारांची चाकं, आणि छावणीत तशी दुसरी गाडी नव्हती. घाटात ती दर वेळी उकळून बंद पडायची हे लिहिलं नाही. इतिहासात सगळंच लिहीत नाहीत.

तुला माहीतच आहे, आठ वर्षं ती शेडमध्ये गोणपाटाखाली पडून होती आणि लक्ष्मी तिच्या सीटवर मिरच्यांची पोती ठेवायची. इंजिनाचा ठोकळा चिरला आहे आणि तसला ठोकळा आता मुंबईतही मिळत नाही. पण छावणीतल्या इलियास मिस्त्रीनं तोड काढली. तात्यांच्या वेळी त्याचे अब्बाच मड्डमचं काम बघायचे. फर्दापूरजवळ एक टेम्पो उलटला, बॉडीचा चुरा झाला पण इंजिन शाबूत राहिलं. ते डिझेल इंजिन मड्डमच्या पोटात बसवायचं. यापुढची अक्कल माझी. त्या इंजिनाला टर्बो लावायचा. म्हणजे असं, की बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद, आणि हे सगळं फुकटात. टर्बो कुठून आणायचा तेवढं राहिलं आहे.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझ्यावर आहे तो लोभ थोडा गाडीकडेही वळवावा, ही विनंती.

तुझा,
बद्री


परभणी
२१ ऑगस्ट १९८६

चि. बद्रीनाथ यास,

वच्छलाअक्काचे अ. उ. आ. वि. वि. पत्र पोचलं. सांगितल्याप्रमाणे बसून वाचलं, मग तुझ्या दाजींना वाचून दाखवलं, मग शाळेत शिक्षकांच्या खोलीत. मुख्याध्यापिकेनं घरची पत्रं शाळेत वाचू नयेत, पण घटक चाचणीच्या दिवसांत बायांना थोडं हसू हवंच होतं.

मला समजलं ते असं. अंग विलायतेचं, पोट टेम्पोचं, आणि त्या पोटाला आपल्याच धुराचा खुराक. निजामाच्या अंमलदाराची गाडी आता कांदे भरल्यासारखा आवाज करत वेरूळला जाणार. देवळातला पुजारी तुला माल कुठं उतरवायचा ते विचारेल. आणि फुकटात हा शब्द तू लहानपणापासून फार प्रेमानं वापरतोस, हे माझ्या लक्षात आहे.

एक विचारते. ती पळावी म्हणून तुम्ही दोघं एवढे झटता आहात, थांबवणार कोण? तिचा ब्रेक म्हणजे नुसती आशा असायची. छावणीच्या मैदानावर तात्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा हाच होता की थांबायचं असेल तर पन्नास पावलं आधी मनात आणायचं. तू अकरा वर्षांचा होतास आणि मला का नाही म्हणून कुंपणावर बसून रडत होतास. मी एकोणीसची. लायसन काढलं आणि सहा महिन्यांत लग्न झालं. सासरी सांगण्यात आलं की आमच्यात सुना मोटार हाकत नाहीत. तेव्हापासून हाकली नाही. असो.

लक्ष्मीला सांग, मिरच्यांची पोती फार लांब ठेवू नकोस, सीट लवकरच पुन्हा रिकामी होईल. लोभ आहेच, तो टर्बोवाचून चालतो.

तुझी,
अक्का


औरंगाबाद
१६ नोव्हेंबर १९८६

ति. स्व. अक्कास,

बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि. भाऊबीजेला तू आली नाहीस, पण करंज्यांचा डबा आला. अर्ध्या इलियासच्या गॅरेजमध्ये संपल्या, कारण मी हल्ली तिथंच असतो.

टर्बो मिळाला. इलियासचा भाऊ फारूख जेद्द्याला कामाला आहे. तिथल्या भंगार बाजारात एका जपानी ट्रकचा टर्बो उतरवून त्यानं कपड्यांच्या पेटीतून आणला. कस्टमवाल्यानं विचारलं तेव्हा पिठाच्या गिरणीचा भाग आहे म्हणून सांगितलं. तिथून लोक सोनं आणतात. फारूखनं माझ्यासाठी गोगलगाईच्या आकाराचं अकरा किलो लोखंड आणलं.

काम तू समजतेस तितकं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. टेम्पोचं इंजिन मड्डमच्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून स्टेशनजवळच्या टर्नरकडून मध्ये बसेल अशी जाड पोलादी चकती करून घेतली. इंजिन उंच निघालं म्हणून बॉनेटला भोक पाडलं. पुढचं वजन वाढलं म्हणून पुढच्या स्प्रिंगा जीपच्या घातल्या. टर्बो तापून लाल होतो, त्यामुळे गाडी थांबली तरी इंजिन दोन मिनिटं चालू ठेवावं लागतं, नाही तर आतलं तेल करपतं. शेजारचे सांडू गुरुजी ती दोन मिनिटं खिडक्या लावून बसतात.

परवा पहिली फेरी काढली. या टर्बोची एक खोड आहे. पाय दाबला की आधी काहीच होत नाही, आणि मग सगळं एकदम होतं. छावणीत गुरांचा बाजार भरलेला. मी पाय दाबला, काही झालं नाही. आणखी दाबला. मग झालं. कोणाला लागलं नाही. एक म्हैस दावं तोडून पळाली आणि तिच्या मालकानं तात्यांच्याही मागच्या दोन पिढ्यांचा उद्धार केला. गाडी कडब्याच्या ढिगात शिरून थांबली. ब्रेकचं तू म्हणतेस ते खरं असेल, पण आधी घाट, मग ब्रेक, असं मी ठरवलं आहे.

आता एक किरकोळ काम. इंजिन बदललं की गाडीच्या पुस्तकात नवा नंबर चढवावा लागतो आणि त्याला घरच्यांच्या सह्या लागतात. तीन कागद रजिस्टरनं पाठवतो आहे. पेन्सिलीची फुली असेल तिथं सही कर. वाचत बसू नकोस, तुला सहामाहीचे पेपर तपासायचे असतील. डिसेंबरअखेर शर्यतीचा अर्ज पक्का होतो, तेव्हा उलट टपाली पाठव.

लोभ आहे तसाच असू दे, सह्या तेवढ्या लवकर येऊ देत.

तुझा,
बद्री


छावणी, औरंगाबाद
२४ नोव्हेंबर १९८६

वच्छलाअक्कांना इलियास मिस्त्रीचा आदाब.

हे पत्र माझी बायको सगीरा लिहितेय. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली हाय. मी बोलतो तसंच लिही, सुधरू नको, असं तिला म्हणलंय.

अक्का, तुम्हाला मी पाहिलेलं हाय. लहानपणी अब्बाच्या गॅरेजमंदी बसायचो, अन् तुम्ही मड्डम घिऊन यायच्या, मागं ही धूळ. अब्बा म्हणायचे की वकीलसाहेबांची पोरगी आवाज न करता गिअर बदलती. बद्रीभाऊबद्दल त्यांनी तसं कधी म्हणलं नाय.

आता कामाचं. अब्बांचा एक दस्तूर व्हता. गाडीचं पुस्तक बघितल्याबिगर अन् मालकाची जबान घेतल्याबिगर इंजिनाचा बोल्ट खोलायचा नाय. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत लई गाड्या हिकडच्या तिकडं झाल्या, कोणाची गाडी कोण बी विकायचा, तवापासूनचा दस्तूर. मी बद्रीभाऊला पुस्तक मागितलं. उद्या देतो म्हणले. तीन महिने उद्याच चाललं. घरचा माणूस म्हणून मी दस्तूर मोडला, ही माझी गलती. मागच्या हप्त्यात नंबर चढवायसाठी पुस्तक हाती आलं. त्यात मालकाच्या जागी तुमचं नाव हाय. कुमारी वच्छला तात्यासाहेब, साल १९५७. आत तुमच्या वडलांच्या हातचा अर्ज बी चिकटवलेला हाय.

म्हणजे तुमच्या गाडीचं इंजिन मी तुम्हाला न विचारता काढलं. माफी असावी. जुनं इंजिन भंगारात दिलेलं नाय, फळीवर ठिवलंय. तुम्ही म्हणाल तर व्हतं तसं करून देतो. अन् दुसरं ब्रेकचं. बद्रीभाऊ म्हणतेत आधी घाट. मी म्हणतो, ब्रेक बसल्याबिगर गाडी माझ्या गॅरेजातून निघणार नाय. मालक तुम्ही हाय, तवा हुकूम तुमचा.

भाऊवर लई रागवू नका. आदमी दिलाचा चांगला हाय, गाडी दिसली की तेवढं डोकं ठिकाणावर ऱ्हात नाय. सगीरा म्हणती हे लिहू नये. मी म्हणलं लिही.

दुवा में याद ठेवा.

इलियास


परभणी
२ डिसेंबर १९८६

चि. बद्रीनाथ यास,

अ. उ. आ. वि. वि. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पुढचा मजकूर नेहमीचा नाही.

तुझे तीन कागद मिळाले. पेन्सिलीच्या फुल्याही बघितल्या, हात अजून सुबक आहे. पहिला कागद इंजिनाचा नवा नंबर चढवण्याचा. दुसरा पेट्रोलच्या जागी डिझेल लिहिण्याचा. या दोन्हींवर सह्या केल्या आहेत. तिसरा कागद गाडी तुझ्या नावावर करण्याचा. त्यावर सही नाही. फुलीसकट परत पाठवते आहे.

वाचत बसू नकोस म्हणालास. वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी वीस वर्षं मुलींना शिकवते आणि स्वतः एकदा केली. तात्या गेले त्या वर्षी तू मला तहसिलात नेलंस. सात फुल्या होत्या, सात सह्या केल्या, शेतावरचा आणि घरावरचा हक्क सोडला. बहिणी सोडतातच. तू मला हिमरूची शाल दिलीस आणि सगळे म्हणाले की भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शेताचं मला आजही काही वाटत नाही. पण गाडीचं तुला माहीत होतं. तात्यांच्या मागं चार वर्षं तिचा कर तू भरलास आणि दर वर्षी फॉर्मवर माझं नाव स्वतःच्या हातानं लिहिलंस. इलियासला ते कळायला एक आठवडा लागला आणि त्यानं लगेच मला पत्र घातलं. तुला बारा वर्षांत एक कार्ड जमलं नाही.

आता मनातलं लिहिते. मी सासरी निघाले तेव्हा तात्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले होते की मड्डम वच्छीची आहे. सगळे हसले. मीही हसले. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं की ती थट्टा होती, रडणाऱ्या मुलीला हसवायला केलेली. इलियासचं पत्र वाचलं आणि कळलं की तात्या थट्टा करत नव्हते. त्या दिवशी मी दार लावून खूप रडले. तुझ्या दाजींनी चहा करून आणला, तो फार वाईट होता, पण सगळा प्यायले.

तर मालकीण म्हणून सांगते. इंजिन राहू दे, टर्बोही राहू दे. केलंत ते मला आवडलंय, हे तुला सांगायची इच्छा नव्हती. आधी ब्रेक, मग बाकी सगळं. इलियासला तसं वेगळं लिहिलं आहे. बॉनेटच्या भोकाला झाकण करा, उघड्या आतड्यानं मी तिला लोकांत नेणार नाही. शर्यतीत गाडी मी चालवणार. शाळेच्या संस्थेच्या जीपवर कारभारी ड्रायव्हर माझा हात पुन्हा बसवून घेतो आहे आणि लायसनही नवं काढलं आहे. तू डाव्या बाजूला बसायचं आणि घाटात सूचना द्यायच्या नाहीत.

लोभ कुठं गेलेला नाही. त्याच्यावर फुली मारायला मी तुला पेन्सिल देणार नाही.

तुझी,
अक्का


औरंगाबाद
१३ डिसेंबर १९८६

ति. स्व. अक्कास,

बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीनं भरली वांगी केली म्हणून जेवलो.

तो तिसरा कागद कारकुनानं गठ्ठ्यात घातला असावा. आठ वर्षं त्या गाडीवरची धूळ मी झटकली, उंदीर मी हाकलले, आणि आता सगळं गाव विचारणार की बद्रीनाथ डाव्या बाजूला का. तरीही तुझ्या शब्दाबाहेर नाही. अर्जात चालक म्हणून तुझं नाव घातलं. मंडळाच्या अध्यक्षांना फार आनंद झाला. बाई चालवणार म्हटल्यावर त्यांनी एक फुलदाणी ठेवली आहे, ती तू जिंकली नाहीस तरी तुला मिळेल. ब्रेक जीपचे बसले. इलियास आता माझं ऐकत नाही, काहीही विचारलं की मालकिणीला विचारतो म्हणतो.

राहता राहिलं नाव. गाडी इथंच आहे आणि इथंच राहणार, तेव्हा पुस्तकात कोणाचं नाव आहे याला काय अर्थ? शर्यत झाल्यावर निवांत बोलू.

लोभ असू दे. सध्या मला त्याची जरा जास्त गरज आहे.

तुझा,
बद्री


औरंगाबाद
२९ जानेवारी १९८७

ति. स्व. अक्कास,

शि. सा. न. घाईत कार्ड लिहितो आहे. काल ऑफिसातून आलो तर शेड रिकामी. पोलिसात निघालो होतो, तर इलियास म्हणतो की मालकीण घेऊन गेली, त्यात पोलिसाचं काय काम. लक्ष्मीला विचारलं तर म्हणते, तू भाकरी बांधून मागितलीस ती तिनं दिली, पुढचं तिला माहीत नाही. मी सोमवारच्या बसचं तुझं तिकीट काढून ठेवलं होतं. सुखरूप पोचलीस का ते आधी कळव. गाडी परत कधी आणतेस?

ता. क. शर्यतीची बातमी छापून आली. कात्रण वेगळ्या पाकिटानं पाठवलं आहे.

बद्री


परभणी
३ फेब्रुवारी १९८७

चि. बद्रीनाथ यास,

अ. उ. आ. वि. वि. सुखरूप पोचले. कार्ड मिळालं आणि कात्रणही. छापलं आहे की बद्रीनाथ यांच्या जुन्या गाडीनं टर्बोच्या साहाय्यानं घाट न थांबता सर केला आणि तिसरा क्रमांक मिळवला, सोबत त्यांच्या ज्येष्ठ भगिनी होत्या. फोटोत तू, तुझा हार आणि अध्यक्षांचं अर्धं डोकं आहे. मड्डमचं एक चाक दिसतं. भगिनी दिसत नाहीत.

बातमी देणाऱ्याला दोष देत नाही, त्यानं डोळ्यांनी बघितलं तेच लिहिलं. घाटात तू तोंडातून शब्द काढला नाहीस, वेशीच्या वळणावर डोळे मिटून घेतलेस, तेव्हा मला तुझं फार कौतुक वाटत होतं. वेरूळला पोचलो. मी चाकामागंच बसून राहिले, तेल करपू नये म्हणून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं असं तूच शिकवलं होतंस. तू मात्र उतरलास. मंडळाचे लोक हार घेऊन आले आणि तुझी मान आपोआप पुढं झाली. मी बघत होते. वाटलं, आता काढेल, आता वळेल, आता म्हणेल की हार तिकडं न्या. तू टोपी नीट केलीस आणि फोटोवाल्याकडं बघितलंस. दोन मिनिटं फार मोठी असतात. इलियासनं बघितलं आणि मान खाली घातली. फुलदाणी मला मिळाली, ती लक्ष्मीकडं ठेवून आले आहे.

अठ्ठावीसला तू ऑफिसला गेलास आणि मी निघाले. इलियासनं तेल बघितलं, चाकं बघितली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. जालन्याच्या पुढं रस्ता मोकळा लागला. अठ्ठेचाळीस वर्षांची मी, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून एकटी गाडी पळवत होते, आणि इतका आनंद मला मुलींचे निकाल लागतात तेव्हाही होत नाही. मंठ्याला एस. टी.च्या ड्रायव्हरनं उतरून विचारलं की बाई, हे कोणत्या कंपनीचं आहे. मी सांगितलं, माझं आहे. गाडी आता आमच्या दारात चिंचेखाली उभी आहे. दाजी दिवसातून चार वेळा पुसतात. परत कधी आणते विचारतोस, तर आणणार नाही.

एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. नावावर करायचा तो कोरा फॉर्म मी डिसेंबरातच कारभारीला पाठवून आणला होता. नीट वाचला. तुझं नाव घातलं, माझी सही केली आणि पर्समध्ये घालून शर्यतीला आले. मला काय करायची होती रे गाडी? एकदा चालवायची होती, आणि तू एकदा चारचौघांत म्हणावंस की ही अक्काची आहे, एवढंच हवं होतं. वेरूळला तुझ्या हातात कागद द्यायचा ठरवून आले होते. पर्स उघडली होती, कागद हातात होता, तेव्हाच ते हार घेऊन आले.

तो कागद मी जिंतूरच्या अलीकडं चहाच्या टपरीवर फाडला.

मड्डम बघावीशी वाटली तर रविवारी ये. एस. टी.नं यावं लागेल. लोभ कमी झालेला नाही, झाला असता तर हे तुला लिहिलंच नसतं.

तुझी,
अक्का